ताईच्या दाराची किल्ली

पहिल्या मुलीला थोरली म्हणायला धाकटी जन्माला यावी लागते. हेराचा तो सिनेमा लागला तेव्हा त्याला कोणी ‘पहिला भाग’ म्हणत नव्हतं. तो एकुलता एक होता. शेवटी हेर एका बोटीत बसून धुक्यात जातो, तो कायमचाच गेला अशी सगळ्यांची प्रामाणिक समजूत होती. पुढे तो आठ वेळा परत आला. दर खेपेला थोडा तरुण होऊन आला, कारण नट बदलत गेले. आताचा हेर दारासमोर नुसता उभा राहतो आणि दार उघडतं. त्याच्या हातांना काही कामच उरलेलं नाही.

पहिल्या भागात काम होतं, आणि ते हात आमच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याचे होते.

त्या मूळ नटाचा चेहरा करारी होता, पण हात गुबगुबीत. दिग्दर्शकाला कष्ट केलेले हात हवे होते. कॅमेऱ्याच्या पेटीची कडी तुटली म्हणून कोणीतरी ती घेऊन कुलूपवाल्याच्या दुकानात आला, कडी बसवून घेतली आणि जाताना कडीबरोबर कुलूपवाल्यालाही घेऊन गेला. नटाच्या पाठीला चिकटून बसायचं, त्याच्या काखेतून हात पुढे काढायचे आणि कुलूप उघडायचं, असं ते काम होतं. “तोंड त्यांचं, हात माझे,” कुलूपवाला सांगायचा, “आणि घाम दोघांचा.” तेव्हापासून त्याचं नाव ‘हातवाले’ पडलं. बायको म्हणायची, “घरात काही उचलायला सांगितलं की यांचे हात सिनेमात असतात.”

त्या सिनेमात एक दृश्य आहे. हेर एक किल्ली दिव्यासमोर धरतो, बराच वेळ बघतो आणि म्हणतो, “किल्ली आहे, म्हणजे कुलूप कुठेतरी वाट बघत असणार.” पुढच्या प्रत्येक भागात हे वाक्य कोणी ना कोणी म्हणतंच, एकदा तर एक यंत्र म्हणालं. या दृश्यासाठी सिनेमावाल्यांनी लाकडाची, सोनेरी रंगाची किल्ली आणली होती. हातवाल्यांनी ती हातात घेतली आणि विचारलं, “ही कशाला लागते?”

“कशालाच नाही. नुसती धरायची आहे.”

“मग ती किल्ली कशी?”

त्यांच्याने ती धरवेना. बोटं अवघडली, तीन-चार वेळा दृश्य फसलं, नट वैतागून पाय आपटू लागला. तेव्हा हातवाल्यांनी खिशात हात घातला आणि स्वतःच्या जुडग्यातली एक लांब, काळपट किल्ली काढली. ती हातात येताच बोटं शहाण्यासारखी वागली. ती किल्ली त्यांच्या ताईच्या घराची होती.

ताईच्या दाराचं कुलूप त्यांच्या वडिलांनी हाताने घडवलेलं. तसं दुसरं कुठे नव्हतं, आणि किल्ल्या दोनच. एक ताईकडे, एक भावाकडे. असली किल्ली साऱ्या जगासमोर धरू नये हे दुकानातल्या पोरासोरांनाही कळलं असतं. पण त्या काळच्या प्रतीत पडद्यावर ती काळी, लांबट, बोटासारखी काहीतरी वस्तू दिसली. दात कुठले आणि सावली कुठली, कोणालाच कळलं नाही. कोणाला कळलं नाही याचं हातवाल्यांना जरा वाईटच वाटलं असावं. कारण पुढची तीसेक वर्षं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःहून सांगत राहिले, “ती किल्ली खरी बरं का. आमच्या ताईच्या दाराची.” एका गिऱ्हाइकाच्या कुलपाविषयी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी मेला तरी चकार शब्द न काढणारा हा माणूस. घरच्या कुलपालाही हा नियम लागू होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ताई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. अर्ध्या शहराचे नंबर तिला तोंडपाठ. निवृत्त होऊन, नवरा जाऊन, सगळी एक्सचेंजं भंगारात जाऊनही ती लोकांना नंबराने ओळखायची. “तो बघ, छत्तीस-एकवीस चाललाय. बायकोचा फोन आला की ‘नाही म्हणून सांगा’ म्हणायचा.” दोन खोल्यांच्या तळमजल्यावरच्या घरात ती एकटी राहायची. भाऊ रोज सकाळी दुकान उघडण्याआधी डोकावून जायचा.

मग सिनेमाच्या कंपनीने पहिला भाग धुऊनपुसून पुन्हा थिएटरात लावला. एकेक चित्र घासून लख्ख केलं होतं म्हणे. हातवाल्यांनी ताईलाही चल म्हणून बघितलं.

“अंधारात बसायला पैसे कशाला?” ताई म्हणाली. “दिवे घालवले की घरी फुकट आहे.”

म्हणून नवरा-बायकोच गेले. आम्ही गल्लीतले आणखी काही जण होतो. जुन्या प्रेमाला खूप वर्षांनी भरदुपारी भेटावं तसं झालं. हेर टेलिफोनच्या खोक्यात उभा राहून फोनची वाट बघतो, त्या प्रसंगाला पूर्वी लोक श्वास रोखायचे. आता मागच्या रांगेतली पोरं खिदळत होती, याच्याकडे मोबाइल नाही का म्हणून. स्वच्छ चित्रात खलनायकाच्या टोपाची कड दिसली. दूरचे डोंगर कापडावर रंगवलेले आहेत हे दिसलं. ज्या लाल पेटीसाठी निम्मी माणसं मरतात ती रिकामी असल्यासारखी हलकी उचलली जाते, हेही दिसलं. मात्र एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती, ती या खेपेला कळली. हेर ज्या ज्या घरात शिरतो तिथून काही घेऊन जात नाही. वस्तू उचलतो, बघतो, दुसरीकडे ठेवतो. घरमालक परत येतो, खोलीच्या मधोमध उभा राहतो, आणि आपलं काय बदललंय ते त्याला कळत नाही. पूर्वी मी हेराच्या बाजूने बघायचो. आता नजर त्या घरमालकावरून हलेना.

मग ती किल्ली आली.

दाराएवढी उंच, दिव्यासमोर धरलेली. तिचा एकेक दात, दातामधली एकेक खाच, वडिलांच्या कानशीचे ओरखडे. हॉलमध्ये पहिल्यांदाच शांतता पसरली. तुम्ही-आम्ही किल्ली बघतो, कुलूपवाले ती वाचतात. हातवाल्यांनी ती वाचली आणि पहिली गोष्ट कोणती केली, तर मान वळवून अंधारात बघितलं, आणखी कोण वाचतंय ते.

“काय झालं हो?” बायकोने विचारलं.

“काही नाही.”

“हात गार पडलेत तुमचे.”

“ए.सी. आहे.”

बाहेर पडताना प्रत्येक तिकिटामागे एक भेटवस्तू होती. काउंटरवरच्या मुलीने हसून त्यांच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. ती किल्लीच होती, वर कडी अडकवलेली. “जपून ठेवा काका. हुबेहूब सिनेमातली. मूळ मापाची.”

“मूळ माप कोणी दिलं तुम्हाला?”

“कॉम्प्युटरने काढलंय. हातावरून.”

हात कोणाचा, हे सांगण्याचा मोह हातवाल्यांना आयुष्यात प्रथमच झाला नाही. पायऱ्यांवर सगळीकडे छनछन चालली होती. जो तो बोटाभोवती किल्ली फिरवत होता. रद्दीवाला गर्दीतून ओरडला, “अहो हातवाले! हीच ना तुमच्या ताईंच्या दाराची?” त्यावर चारजण हसले. ते चारजण कोण, हे हातवाल्यांना पुढे कितीही आठवून आठवलं नाही.

सिनेमा लागून तोवर तीन-चार आठवडे झाले होते. आम्हीच उशिरा गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई बाजारात गेली असताना हातवाल्यांनी तिच्या दारात उभं राहून ती फुकटची किल्ली कुलपात घातली. आत जाताना जरा अडली. त्यांनी किंचित वर उचलून धरली. वडिलांच्या कुलपाने कुरकुर केली आणि ऐकलं.

दार उघडून ते आत गेले. पाणी प्यावं म्हणून फ्रीज उघडला. आत दुधाशेजारी इस्त्री होती. वायर नीट गुंडाळलेली.

तेवढ्यात ताई आली. भावाला आत बघून तिच्या हातातली पिशवी खाली आली. “तू आत कसा? मी कुलूप लावलं नव्हतं का?” आणि लगेच, उलटतपासणीतला साक्षीदार बोलतो तसं ठासून, “लावलं होतं. मी ओढून बघितलं होतं.”

“लावलं होतंस ताई. बस आधी. ही इस्त्री...”

ताईने फ्रीजकडे बघितलं. मग खुर्चीत बसली.

“ती मी नाही ठेवलेली,” ती म्हणाली. “म्हणजे मला आठवत नाही. परवा कात्री तांदळाच्या डब्यात निघाली. चष्मा बुटात. तुला सांगणार नव्हते. तू लगेच वहिनीला सांगशील, ती डॉक्टरचं नाव काढेल, आणि मग मला कुठेतरी नेऊन ठेवाल.” तिचे हात मांडीवर काहीतरी शोधत होते, एक्सचेंजच्या जुन्या बोर्डवरच्या वायरी असाव्यात तसे. “बाळ्या, मला काल माझाच नंबर आठवला नाही. सगळ्यांचे आठवतात. माझा नाही.”

हातवाल्यांनी खिशातून ती किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. लाकडी किल्ली, दिवा, धुतलेला सिनेमा, भेटवस्तू, पायऱ्यांवरची छनछन. शहरातल्या निम्म्या खिशांत तिच्या घराची किल्ली आहे हे सांगितलं. ताई आता झोडपून काढणार या अपेक्षेने त्यांनी खांदे आवळून घेतले.

ताईने किल्ली उचलली. उलटसुलट बघितली. तिच्या तोंडावर हळूहळू रंग आला.

“म्हणजे कोणीतरी येतंय,” ती म्हणाली.

“येत असणार.”

“म्हणजे इस्त्री त्याने ठेवली.”

“त्यानेच.”

“अरे मग माझं डोकं ठिकाणावर आहे की!” ताईचा जीव असा भांड्यात पडला की आवाज व्हावा. ती उठली, चहाचं आधण ठेवलं आणि भावाची हजेरी घेऊ लागली. “गाढवा! सख्ख्या बहिणीचं घर जगाला उघडं करून दिलंस! वडील असते तर त्याच किल्लीने बडवला असता तुला!” इतक्या आनंदाने घातलेल्या शिव्या मी तरी ऐकलेल्या नाहीत. त्या खिडकीतून बाहेर रस्त्यावर येत होत्या.

हातवालेही खूश होते. साऱ्या जन्मात एका कुलूपवाल्याने पहिल्यांदाच मनापासून इच्छा केली की घरात चोर शिरलेला असू दे.

त्याच दिवशी त्यांनी वडिलांचं कुलूप काढलं. नवं कुलूप बसवलं, पोलादी, आतून अडसर पडणारं. किल्ल्या पुन्हा दोनच. ताईने तिची दोरीत ओवून गळ्यात घातली. “आता येऊ दे मेल्याला,” ती म्हणाली.

आठवडाभर काही झालं नाही. मग एका सकाळी हातवाले गेले तर ताईने आतला अडसर काढून दार उघडलं आणि बोट दाखवलं. उशीच्या अभ्र्यात चमचे होते. सगळे. एकावर एक, हाताळून नीट लावलेले.

“आला होता,” ताई म्हणाली.

हातवाल्यांनी कुलूप तपासलं. तशी तपासायची गरज नव्हती, पण हातांना सवय. कुठे ओरखडा नव्हता. बिजागऱ्या जागच्या जागी. खिडक्यांना गज, गजांवर धूळ, आणि धुळीला कोणी बोट लावलेलं नव्हतं. अडसर तर रात्रभर आतूनच होता; तो आत्ता त्यांच्यासमोर ताईनेच काढला होता. जगात या कुलपाची दुसरी किल्ली फक्त त्यांच्या खिशात होती, आणि ते रात्रभर बायकोशेजारी घोरत होते, याला बायको साक्ष होती.

ते पाठमोरे उभे राहिले. मागून ताई विचारत होती, आणि तिच्या आवाजात काय होतं ते त्यांनी बायकोला सांगितलं तेव्हा त्यांना नीट सांगता आलं नाही. “बाळ्या, आला होता ना रे?”

“हो,” हातवाले म्हणाले. “आला होता. हुशार आहे लेकाचा. याला मोठं कुलूप लागणार.”

तिथून ते सुरू झालं. दर पंधरवड्याला, कधी त्याहूनही लवकर, ताईच्या दाराला नवं कुलूप. दाराचा तो भाग भोकं पाडून आणि बुजवून चाळणीसारखा झाला. शेवटी तिथे पत्रा ठोकावा लागला. गल्लीत आधी कुजबूज झाली आणि मग ती थांबली. कुजबूज थांबते तेव्हा लोकांना कळलेलं असतं. रद्दीवाला आता हातवाल्यांना नुसता मान हलवून नमस्कार करतो.

“अहो, किती दिवस हे करणार?” बायकोने विचारलं. “डॉक्टरकडे न्या त्यांना.”

“विचारलं तिला.”

“मग?”

“म्हणाली, घरात चोर आला की पोलिसाकडे जातात, डॉक्टरकडे कसले जाता.”

“आणि तुम्ही गप्प बसलात.”

“काय बोलू? चोर मीच ठेवलाय ना तिच्याकडे कामाला.”

ताई मात्र धीट होत चालली होती. तिला आता सिनेमाच बघायचा होता. तो एव्हाना एका जुन्या थिएटरात उरला होता; दुपारचा खेळ, आठ-दहा माणसं. भावाने तिला मधल्या रांगेत बसवलं. तिने सगळा सिनेमा शाळेतल्या मुलीसारखा पुढे झुकून बघितला. टेलिफोनचा खोका आला तेव्हा मोठ्याने म्हणाली, “लाइन तुटणार आता,” आणि तुटली. तिची किल्ली पडद्यावर आली तेव्हा काहीच बोलली नाही. पण हेर परक्या घरात शिरून वस्तू इकडच्या तिकडे ठेवू लागला, तशी तिने भावाचं मनगट धरलं.

घरी येताना म्हणाली, “तो चोर नाही रे.”

“मग?”

“चोर असता तर काही नेलं असतं. माझं काहीच गेलेलं नाही. तो काहीतरी शोधतोय.”

“काय शोधतोय?”

“त्यालाही सांगितलेलं नसणार. त्या लाल पेटीत काय होतं ते सांगितलं का कोणी, इतके भाग झाले तरी?” ती थोडं चालली. “शोधत असताना वस्तू हलतात. त्याला तरी काय बोल लावायचा!”

हातवाले त्या संध्याकाळी दुकानात बसून होते, हातात काही न घेता. “तिचं काही गेलेलं नाही म्हणते,” एवढंच ते मला म्हणाले. दुकानात भिंतभर कुलपं लटकलेली होती, आणि त्यांतलं एकही आतून जाणाऱ्या गोष्टीला लावता येण्यासारखं नव्हतं. त्यानंतर ताईचे नंबर जाऊ लागले. आधी छत्तीस-एकवीस नुसताच ‘तो माणूस’ झाला. मग पलटणच्या पलटण गेली.

परवा हातवाले नवं कुलूप घेऊन गेले. कितवं ते त्यांनी मोजणं सोडून दिलं होतं. दुपार होती, हातात हत्यारांची पेटी. त्यांनी दार वाजवलं. आत अडसर सरकला. ताईने साखळीच्या फटीतून बघितलं, साखळी काढली आणि बाजूला झाली.

“आलात?” ती म्हणाली. “या ना. दार वाजवून आलात, हे बरं केलंत.”

हातवाल्यांनी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

“ताई, मी...”

“बसा. चहा घेणार? पण जरा लवकर आटपा हं. माझा भाऊ यायची वेळ झालीय. कुलपांचं काम करतो. मनाने चांगला आहे, पण तुम्ही सापडलात तर हाडं मोडेल तुमची.” तिने त्यांच्या हातातल्या पेटीकडे समजूतदारपणे बघितलं. “हत्यारं आणलीत. एवढं कशाला? माझ्याकडे कुलूप लावण्यासारखं काही नाही.”

हातवाले बसले. नेहमी बसतात त्या खुर्चीवर नाही, दाराजवळच्या स्टुलावर. परका माणूस बसतो तसे टेकले. पेटी पायांशी ठेवली. ताईने चहा दिला. स्वतःसाठी एक खुर्ची ओढली आणि पाहुण्याला संकोच वाटू नये इतक्या हळू आवाजात विचारलं, “सापडलं का?”

“नाही,” हातवाले म्हणाले.

“काय आहे ते तरी ठाऊक आहे का?”

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. “बघितलं की ओळखेन,” ते म्हणाले.

“मग चला,” ताई उठली. “भाऊ यायच्या आत मी पण बघू लागते. दोघांनी शोधलं तर लवकर होईल.”

तिने कपाटाचं दार उघडलं आणि कपडे काढून पलंगावर ठेवू लागली. हातवाल्यांनी चहा संपवला, कप विसळला, आणि स्वयंपाकघरातला वरचा खण ओढला. त्यातल्या वस्तू ते एकेक बाहेर काढत गेले, तिला दाखवत गेले. प्रत्येक वेळी ती नीट निरखून बघायची आणि मान हलवायची. हे नाही. हेही नाही.